शनिवारी बंद, रविवारी चालू : नाशिकच्या शरणपूर रोडवरचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान

सासूबाईंचं काळं पायाचं मशीन पावसाळ्यापासून नीट टाका घालत नव्हतं. वीतभर शिवण सरळ यायची, मग दोन टाके सुटायचे, पुन्हा नीट. जाड कापडावर तर खाली दोऱ्याचा गोळा होऊन सुईच अडकायची. लेक डिसेंबरात नातीला घेऊन अमेरिकेहून येणार आहे. नातीसाठी माझ्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवायची ठरवलेली, आणि मशीन असं रुसून बसलेलं.

मी अंबडला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे, यंदा २६ वर्षं झाली. हातात रविवार एवढाच एक दिवस. घराजवळच्या ज्या दुरुस्तीवाल्याकडे आधी गेले (नाव लिहीत नाही) त्याचं दुकान रविवारी बंद, आणि रोज संध्याकाळी मी बसमधून उतरेपर्यंत शटर अर्ध्यावर आलेलं. दोन वेळा अर्ध्या दिवसाची रजा टाकून मशीन नेलं. दोन्ही वेळा सुई बदलून २०० रुपये घेतले आणि आठ दिवसांत मशीन पहिल्यासारखं. मग कँटीनमधल्या एका मैत्रिणीने शरणपूर रोडचं हे दुकान सांगितलं. म्हणाली, “रविवारी हमखास उघडं असतं, फक्त शनिवारी जाऊ नकोस.”

मशीनचं हेड टेबलावरून सोडवलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पवननगरहून रिक्षाने निघाले. दुकान मुख्य रस्त्यावर नाही. कॅनडा कॉर्नरच्या अलीकडे आत वळलं की एका जुन्या घराच्या ओट्यावर दहा बाय आठची खोली आहे. दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर हाताने रंगवलेल्या चार ओळी आहेत : शिलाई मशीन दुरुस्ती. शनिवारी बंद. रविवारी चालू. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मशीन घेऊन जावे.

आधी कामाबद्दल लिहिते, कारण वाचणाऱ्याला ते आधी हवं असतं. दुकानदार भाऊ साठी ओलांडलेले. मशीन हातात घेतल्याबरोबर त्यांनी ते चालवून पाहिलं नाही. सुई काढली आणि आरशाच्या तुकड्यावर ठेवून बोटाने हळूच लोळवली. सरळ सुई सारखी लोळते, वाकलेली उड्या मारते. माझी सरळ होती. मग दातांवरची पट्टी खोलली. आतून ब्रशने जे काढलं ते बघून मला वाईट वाटलं : कापसाची घट्ट बसलेली वडी, आणि तिच्यात तुटलेल्या सुईचं टोक. दोन वेळा पैसे देऊन आणलेल्या मशीनमधून हे निघालं. भाऊंनी बोट लावून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, “ताई, खोबरेल घालता का?” घालत होते. सासूबाईही घालायच्या. खोबरेल थंडीत थिजतं आणि वाळून चिकट होतं, मशीनला मशीनचंच पातळ तेल लागतं, हे त्यांनी न रागावता सांगितलं आणि सगळं रॉकेलने धुवून काढलं.

खरं दुखणं त्याच्याही पुढे होतं. बॅटरी तोंडात धरून त्यांनी वरचं चाक अगदी हळू, केसाकेसाने फिरवलं आणि मला खाली बघायला लावलं. सुई तळाला जाऊन थोडीशी वर उचलते, तेव्हा दोऱ्याचा बारीक फासा तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलची, म्हणजे खाली फिरणाऱ्या भागाची, चोच त्या फाशातून जायला हवी. माझ्या मशीनची चोच झिजलेली, त्यामुळे ती कधी फासा पकडायची, कधी बाजूने निघून जायची. म्हणून वीतभर बरं आणि दोन टाके गायब. २० वर्षं मी हे मशीन चालवते आहे, टाका कसा पडतो हे मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं. शटल नवीन घातलं, बॉबिन केसची पट्टी बदलली, पायाचा चामडी पट्टा सैल झाला होता तो कापून पुन्हा क्लिप मारता यावा म्हणून माप आणायला सांगितलं. सगळे मिळून ६५० रुपये. जुनं शटल कागदात बांधून परत दिलं, न मागता.

ते काम करत होते तेव्हा बाहेर रविवारच्या उपासनेला निघालेली माणसं दिसत होती. शरणपूर ही नाशिकमधली जुनी ख्रिस्ती वस्ती, मिशनऱ्यांनी १८५४ च्या सुमाराला वसवलेली. जाणारा-येणारा भाऊंना हात करत होता. मी विचारलं, “भाऊ, तुम्ही नाही जात?”

“आम्ही काल जाऊन आलो ताई. शनिवारचा शब्बाथ पाळतो. शुक्रवारी सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी मावळेपर्यंत हत्याराला हात लावत नाही.”

ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे सातवा दिवस हाच शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. सातवा दिवस म्हणजे शनिवार. इथपर्यंत मी ऐकून सोडून दिलं असतं, पण २०२३ मध्ये मी लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने न्यू जर्सीला होते, तिथली एक गोष्ट मनात होतीच. लेक राहते ती बर्गन काउंटी. एका रविवारी मला दुपट्यासाठी मऊ कापड हवं होतं. जावई म्हणाले, आज मिळणार नाही. पॅरामस नावाच्या गावात मोठमोठे मॉल आहेत, शनिवारी तिथे गाडी लावायला जागा नसते, आणि रविवारी सगळं सामसूम. वाणसामान, औषधं, हॉटेलं चालू. कपडे, फर्निचर, घरातली विजेची उपकरणं विकायला कायद्याने बंदी. अशा कायद्यांना तिकडे ‘ब्लू लॉ’ म्हणतात, मराठीत रविवार-बंदीचे कायदे म्हणू. मी युनियनच्या कमिटीवर नऊ वर्षं होते, कामगार कायद्याचा डिप्लोमा केलेला आहे, त्यामुळे पहिल्यांदा मला हे फार आवडलं. दुकानातल्या पोरींना हक्काची सुट्टी! पण लेकीच्या शेजारी एक ज्यू कुटुंब होतं. त्यांची आजी म्हणाली, आमचा शनिवार धर्माने बंद, रविवार सरकारने बंद. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे.

भाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेचकस खाली ठेवला. त्यांच्या आजोबांनी सांगितलेली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी मला सांगितली. घरी येऊन मी ती पडताळून पाहिली, खरी आहे. आर. एम. किंग नावाचा ॲडव्हेंटिस्ट शेतकरी, ओबायन काउंटीतला. शनिवार पाळून रविवारी त्याने स्वतःच्या शेतात नांगर धरला, म्हणून १८८९ मध्ये त्याच्यावर खटला. दंड ७५ डॉलर. प्रकरण संघराज्याच्या कोर्टापर्यंत गेलं, १८९१ मध्ये निकाल विरोधात लागला आणि सुप्रीम कोर्टात सुनावणी व्हायच्या आधीच त्याच वर्षी तो वारला. पुढच्या वर्षी टेनेसीतच, हेन्री काउंटीत, रविवारी काम केल्याबद्दल काही ॲडव्हेंटिस्टांना कैद्यांच्या टोळीत घालून रस्त्याच्या कामाला लावलं. भाऊ हे सांगताना आवाज चढवत नाहीत. “कोणाचं काही चोरलं नव्हतं ताई, बटाटे-मक्याचं शेत होतं,” एवढंच म्हणाले.

मग मी त्यांना माझ्या बाजूची गोष्ट सांगितली, कामगारांची. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते वर्ष स्वामी विवेकानंदांमुळे पाठ आहे, सर्वधर्म परिषद त्याच निमित्ताने भरली होती. त्या प्रदर्शनासाठी अमेरिकन काँग्रेसने २५ लाख डॉलरची स्मारक नाणी मंजूर केली, पण अट घातली : रविवारी दरवाजे बंद. शिकागोच्या कामगार संघटनांनी विरोध केला. आठवड्याचे सहा दिवस गिरणीत, कत्तलखान्यात, रेल्वेच्या कारखान्यात. सातव्या दिवशी तुम्ही दार लावलंत, तर कामगार बायकापोरांना घेऊन जाणार कधी? त्या प्रदर्शनाच्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्यांनाच त्या आतून बघायला मिळू नयेत? कोर्टकचेऱ्या होऊन प्रदर्शन रविवारीही उघडलं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियमही १८९१ च्या मे महिन्यापर्यंत रविवारी बंदच असायचं; रविवारीच ज्याला वेळ आहे त्याने चित्रं बघूच नयेत, असा तो हिशेब.

हे कायदे आणि त्यांना होणारा विरोध, दोन्ही त्याहून जुने आहेत. व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६१० सालीच प्रार्थनेला न येणाऱ्याला शिक्षा होती आणि तिसऱ्या वेळी तर थेट मृत्युदंड लिहून ठेवला होता. शिकागोतच १८५५ मध्ये महापौरांनी रविवारी दारूची दुकानं सक्तीने बंद केली तेव्हा जर्मन कामगार रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. मला दारूचं कौतुक नाही, घरात भोगलेलं आहे. पण त्यांचं म्हणणं दारूपुरतं नव्हतं : हा आमचा एकच मोकळा दिवस, तो कसा घालवायचा हे मालकाच्या चर्चने ठरवू नये. कॅलिफोर्नियात १८५८ मध्ये न्यूमन नावाच्या ज्यू कापडवाल्याने खटला जिंकला, तीन वर्षांत कोर्टाने निकाल फिरवला, आणि १८८३ मध्ये राज्याने तो कायदाच काढून टाकला.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट १८८८ ची. सिनेटर ब्लेअर यांनी देशभर रविवारच्या विश्रांतीचं विधेयक आणलं. त्याच्या नावातच दोन गोष्टी एकत्र शिवल्या होत्या, लोकांना विश्रांती आणि त्या दिवसाचं धार्मिक पालन. समर्थकांनी लाखो सह्यांचा दाखला दिला. ॲडव्हेंटिस्टांचे ए. टी. जोन्स यांनी सुनावणीत आणि पुढच्या प्रचारात त्या सह्यांचा हिशेब मागितला. तेव्हा दिसलं, की कॅथलिक चर्चचे बडे धर्मगुरू कार्डिनल गिबन्स यांच्या एका पाठिंब्याच्या पत्रावरून देशातले सगळे ७२ लाख कॅथलिक मोजून घेतले होते. युनियनच्या मागणीपत्रावर सह्या घेताना आम्ही एकेका बाईशी बोललो आहोत. कोणी सही देत नाही, कोणी नवऱ्याला विचारून सांगते म्हणते, कोणी अंगठा देते आणि डोळ्यांत पाणी आणते. एका पत्राच्या ७२ लाख सह्या करणं हा त्या प्रत्येकीचा अपमान आहे. विधेयक मंजूर झालं नाही.

पण कामगार सगळे एका बाजूला होते असं मी भाऊंना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. दुकानांतले नोकर आणि न्हावी यांच्या संघटना रविवार-बंदीच्या बाजूने होत्या. त्यांना माहीत होतं, की शेजारचं दुकान उघडं राहिलं की आपला मालकही उघडायला लावणार. टपाल कामगारांनी पाद्र्यांशी हात मिळवून १९१२ मध्ये पोस्ट ऑफिसं रविवारी बंद करून घेतली. त्यांचंही मला पटतं. मी स्वतः बारा-बारा तास उभी राहिलेली बाई आहे, सुट्टी कायद्यात लिहिलेली नसेल तर ती मिळत नाही हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आपल्याकडे ती कुठे आपोआप आली? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार गिरणी कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार बाया बोलल्या, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. रविवार का, तर खंडोबाचा वार म्हणून. त्या दोन बाया काय बोलल्या असतील, हे मनात आल्याशिवाय माझा १० जून जात नाही.

भाऊ म्हणाले, “आणि कोकणातले शनिवार तेली?” खरंच. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू लोक, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, मराठी बोलायचे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. गावाला तेल सहा दिवस मिळत होतं. सोमवारी महादेवाचा वार पाळणारे तेली सोमवार तेली. त्यांनाही कोणी कोर्टात ओढलं नाही.

१९६१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी चार निकाल दिले आणि रविवार-बंदी उचलून धरली. एक खटला मेरीलँडच्या एका मोठ्या दुकानातल्या नोकरांचा होता. त्यांनी रविवारी काय विकलं होतं? कागद लावायची फाइल, फरशीला लावायचं मेण, स्टेपलर, त्याच्या पिना आणि खेळण्यातली पाणबुडी. दंड मालकाला नाही, काउंटरवर उभ्या असलेल्या नोकरांना. दुसरा फिलाडेल्फियाच्या ज्यू दुकानदारांचा. ते शुक्रवारी सूर्यास्ताला दुकान लावायचे आणि तो बुडालेला धंदा रविवारी भरून काढायचे, अगदी भाऊंसारखे. कोर्टाचं म्हणणं, कायदा आता धर्माचा राहिला नाही, सगळ्यांनी एकत्र विसावा घ्यावा एवढाच हेतू आहे. ते दुकानदार ६ विरुद्ध ३ मतांनी हरले. वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी लिहिलं, की धर्म की पोट अशी निवड करायला लावणं क्रूर आहे.

दोनच वर्षांनी ॲडेल शेरबर्टचा निकाल आला. साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गच्या कापड गिरणीतली कामगार, ॲडव्हेंटिस्ट. गिरणीने शनिवार सक्तीचा केला, ती आली नाही, नोकरी गेली आणि बेकारी भत्ताही नाकारला. त्याच राज्यात रविवार पाळणाऱ्या गिरणी कामगाराला मात्र कायद्याचं संरक्षण होतं. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या लाइनवर एक मुलगी होती, शनिवारी ओव्हरटाइमला थांबत नसे. रविवारी बोलवा, रात्रपाळी द्या, शनिवार नको, एवढंच म्हणायची. आमचा तेव्हाचा फॅक्टरी ॲक्ट तर किती सरळ होता : कलम ५२ प्रमाणे रविवारी कामाला लावायचं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण सुट्टी द्या. अदलाबदलीची वाट कायद्यातच होती. मी कमिटीवर होते. एकीला दिली की सगळ्या मागतील, असं म्हणून तिचा अर्ज मी पुढे नेला नाही. चार महिन्यांत ती सोडून गेली. हे मी भाऊंना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “दोरा ओवा ताई, चालवून बघा.”

चालवून पाहिलं. सहा पदरी सुती कापड, एकही टाका सुटला नाही.

आता काही उणं आहे तेही लिहायला हवं. पट्ट्याचं माप घेऊन दुसऱ्या रविवारी गेले तेव्हा त्यांच्याकडची क्लिप संपलेली, म्हणून आणखी एक आठवडा गेला. आधी फोन करून विचारलं असतं तर फेरी वाचली असती, पण फोन ते काम करताना उचलत नाहीत आणि शनिवारी बंदच असतो. पावती हवी असेल तर मागून घ्या, वहीच्या पानावर लिहून देतात. पैसे रोख ठेवा. भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीनं ते हातात घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. ओट्याला तीन उंच पायऱ्या आहेत. पायाच्या मशीनचं हेड जड असतं, सोबत कोणीतरी न्या. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही.

हे दुकान रविवारी उघडं आहे म्हणून मला रजा टाकावी लागली नाही, आणि दुकान उघडणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी पूर्ण विसावा घेतलेला होता. हाताखाली एक मुलगा आहे, तो हिंदू. त्याला कोणती सुट्टी, हे मी मुद्दाम विचारलं. शनिवार तर दुकानच बंद, तो मिळतोच. शिवाय चंपाषष्ठीला जेजुरीला जायला दोन दिवस पगारी. परतताना मिसळ खायला थांबले. रविवारची गर्दी, बाहेर नंबर लावून उभी माणसं. पाव आणून देणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, त्याला मंगळवार मिळतो. मिळतो का खरंच, असं पुन्हा विचारलं. “मिळतो काकू, आईचा बाजार मीच करतो त्या दिवशी,” म्हणाला.

गोधडीचे चार पट्टे शिवून झालेत, मधला सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा आहे. तुम्हाला जायचं असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत जा, नंतर ब्लाउजवाल्या बायकांची गर्दी होते. शुक्रवारी मशीन परत आणायला जाणार असाल तर थंडीच्या दिवसांत पाचच्या आधी पोहोचा. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आणि त्याआधी त्यांना ओटा धुवायचा असतो.